टोलेकाकांची सुट्टी

त्यांचं खरं नाव चर्चच्या दप्तरात लिहिलेलं होतं आणि तिथंच राहिलं. लहानथोर सगळे त्यांना टोलेकाकाच म्हणत. दिवसातून तीन वेळा घंटेचे टोल द्यायचे ते त्यांनी, आणि त्यांच्याइतके बिनचूक टोल दुसऱ्या कुणाला जमत नाहीत अशी सगळ्यांची खात्री होती. आता दुसऱ्या कुणाला त्यांनी दोराला हातच लावू दिला नव्हता, तेव्हा ही खात्री कुणी कशी करून घेतली ते देवालाच ठाऊक.

मुळात ते आले होते छत रंगवायला. तिशीतला रंगारी, पंधरा दिवसांचं काम, परांचीवर उताणा पडून ब्रश मारतोय, तेवढ्यात तेव्हाचे म्हातारे फादर खालून हाका मारू लागले. घंटा वाजवणारा तापानं फणफणला होता आणि माणसं यायची वेळ झाली होती. "अरे, जरा खाली ये आणि दोर ओढ," एवढंच ते म्हणाले. रंगारी खाली आला, त्यानं दोर ओढला, आणि जो खाली आला तो पुन्हा वर चढलाच नाही. छताचा एक कोपरा आजही बिनरंगाचा आहे, आणि त्यावरून काकांची अजून थट्टा होते.

त्याच वर्षी त्यांचं लग्न त्याच चर्चमध्ये झालं. नवरी दारात येऊन उभी राहिली तरी घंटा काही वाजेना, कारण वाजवणारा नवा कोट घालून वेदीपाशी उभा होता. चारचौघांदेखत नवरदेव मनोऱ्याकडे धावत सुटला, टोल दिले आणि घामाघूम होऊन परत आला. अंगठी घालताना नवरीला त्याच्या तळव्यावर दोराचे लाल वळ दिसले. "तिथंच मला कळलं, माझा नंबर दुसरा," असं काकू अजून म्हणायच्या, आणि म्हणताना हसायच्या.

त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत टोलेकाकांना रविवारची सुट्टी अशी एकदाही मिळाली नाही. सगळं जग ज्या दिवशी पाय पसरून बसतं त्याच दिवशी ह्यांची धावपळ. पहाटे उठून दारं उघडायची, दिवे लावायचे, मेणबत्त्यांच्या वाती कातरायच्या, द्राक्षारसाची एक आणि पाण्याची एक अशा दोन काचेच्या सुरया भरून ठेवायच्या, वेदीवरचं कापड ताणून घ्यायचं, माइकला टिचकी मारून बघायची. पहिल्या मिस्सेची, म्हणजे पहिल्या प्रार्थनेची, माणसं बाहेर पडतायत तोवर दुसरीची आत शिरायची. अशा तीन मिस्सा झाल्या की बाकांखाली राहिलेल्या छत्र्या, रुमाल, एकदा तर दातांची अख्खी कवळी, हे सगळं गोळा करायचं. दुपारी हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, संध्याकाळी त्याच उचलायच्या. चर्चच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, त्या ह्या कामाबरोबर मिळालेल्या. संसार तिथंच झाला. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी वाटून घेतलं आणि त्याविषयी बोलणं केव्हाच थांबवलं.

तर हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. माहीत नसलेलं असं, की गेली दोन वर्षं टोलेकाकांना नीट दिसत नव्हतं.

आधी एकदा पायरी चुकली. मग रस्त्यात ओळखीची माणसं अनोळखी दिसू लागली. काका गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं आडपडदा ठेवला नाही. डोळ्यांची नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली ह्या थेंबांनी जितकी टिकेल तितकी खरी, असं त्यानं सांगितलं. काका घरी आले आणि काकूंना म्हणाले, "नंबर वाढलाय. थेंब घालायला सांगितलेत." काकू बरं म्हणाल्या आणि शिलाई मशिनीवर खाली वाकल्या. काकू दवाखान्याच्या फाटलेल्या चादरी शिवायच्या, आणि त्या दिवशी ढीग मोठा होता.

आताशा हातभर अंतरावरचं काय ते धूसर दिसायचं. त्यापलीकडे नुसता उजेड आणि सावल्या. छापलेलं अक्षर तर नाकाला लावलं तरी लागत नव्हतं. पण काम कुठं अडलं नाही. वेदीमागच्या खोलीच्या दारापासून वेदीपर्यंत अकरा पावलं, मग तीन पायऱ्या. किल्ल्यांना त्यांनी कानस घासून खाचा पाडून घेतल्या होत्या, मोठ्या दाराच्या किल्लीला एक, बाजूच्या दाराच्या दोन, कपाटाच्या तीन. सुरई भरत आली की तिचा आवाज बदलतो, तो कानाला कळायचा. वात पेटली की नाही हे तळव्याला कळायचं. मोठ्या पुस्तकात त्या दिवसाचं पान शोधून फीत घालणं मात्र जमेना. तेव्हा ते नव्या फादरना म्हणाले, "पान तुम्हीच लावत जा, फादर. तुमच्या हातचं बरं." फादर तरुण होते, त्यांना वाटलं काका आपला मान ठेवतायत. ते खूश झाले.

काकांना भीती होती ती एकाच गोष्टीची. डोळ्यांचं कळलं की काम जाणार, काम गेलं की खोल्या जाणार, आणि एकसष्टाव्या वर्षी बायकोला आणि शिलाई मशिनीला घेऊन जाणार कुठं? म्हणून होईल तितके दिवस ढकलायचे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी चर्चमध्ये एक मंडळ निघालं. दर रविवारी दुपारी दहाबारा जणांनी हॉलमध्ये जमायचं आणि ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण सांगणारं एक जाडजूड पुस्तक धडा धडा करून वाचायचं. म्हणजे श्रीमंतांनी गरिबांशी, मालकांनी कामगारांशी, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी कसं वागावं ह्याविषयी. नुसतं वाचायचं नाही, दर धड्यानंतर एक तरी गोष्ट आपल्याच चर्चमध्ये करून दाखवायची, असा नियम. हा नियम मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या चर्चला त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलं होतं, त्यामुळं त्यांचा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

चौथा धडा होता कामगाराच्या विसाव्याचा. विसावा देणं ही दया नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे, असं त्यात होतं. बँकेतल्या साहेबांनी तो खड्या आवाजात वाचला. मग चर्चा झाली. कारखान्यांविषयी झाली, हॉटेलांविषयी झाली, परदेशांविषयी झाली. चर्चा अगदी रंगात आली असताना टोलेकाका आत आले आणि चहाचे रिकामे कप गोळा करून, दाराच्या चौकटीला खांदा किंचित घासत, बाहेर गेले. बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"आज वार कुठला?" त्यांनी विचारलं.

"रविवार," बँकेतले साहेब म्हणाले.

"मग हे काय करतायत?"

सगळ्यांची मान खाली गेली. आणि माणसं खरोखरच चांगली होती बरं का, दहा मिनिटांत त्यांनी ठरवून टाकलं. इथून पुढं टोलेकाकांना दर रविवारी पूर्ण सुट्टी. पगार तोच. त्यांचं काम मंडळातले बसवाले करतील. हे बसवाले तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आवाजाला मोठे, मनाला मऊ, आणि घरी बसून बसून कंटाळलेले. सगळं झकास जुळलं. फक्त ज्याला सुट्टी द्यायची त्याला एका शब्दानं विचारावं, हे दहाबारा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्याच्याविषयी ठरवायचं त्याला विचारून ठरवावं, असं त्याच पुस्तकात सहाव्या धड्यात होतं म्हणे. पण मंडळ अजून चौथ्यातच होतं.

बाईंनी चर्चच्या छापील कागदावर पत्र टाइप करून घेतलं, खाली शिक्का मारला, फादरची सही घेतली आणि सोमवारी सकाळी स्वतः जाऊन टोलेकाकांच्या हातात दिलं. आयुष्यभर मुलांच्या हातात निकाल दिलेली बाई ती, तिला प्रेमळ बोलायचं म्हटलं तरी सूर निकालाचाच लागायचा.

"घरी जाऊन निवांत वाचा," बाई म्हणाल्या. "मनाला लावून घ्यायचं नाही. हे खरं तर फार आधी व्हायला हवं होतं. येत्या रविवारपासून बसवाले बघतील सगळं." आणि नाक ओढत, डोळे पुसत त्या निघून गेल्या.

आता तुम्हीच सांगा, ह्यावरून माणसानं काय समजावं?

काकांनी कागद उघडला. पांढऱ्यावर करडे पट्टे, खाली शिक्क्याचा जांभळा डाग. तेवढं पुरे होतं. आपले डोळे गेल्याचं ह्यांना कळलं, हा नारळ दिला, हे त्यांनी ओळखलं. बाई रडल्यासुद्धा, आणखी काय हवं. त्यांनी कागदाची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. काकूंना दाखवावी असं एकदा मनात आलं. पण दाखवली की त्या वाचणार, आणि वाचताना त्यांचा चेहरा कसा होईल हे काकांना दिसलं नसतं तरी कळलं असतं. ते धैर्य त्यांच्यात नव्हतं.

मंगळवारपासून बसवाले काम शिकायला येऊ लागले. आल्या आल्या त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "मजा आहे बुवा तुमची, काका. आता आराम करायचा."

हा माणूस जखमेवर मीठ चोळायला आलाय असं काकांना वाटलं. पण काम म्हणजे काम. ज्या हातात ते जाणार त्या हाताला नीट शिकवल्याशिवाय सोडायचं, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. दोर कसा धरायचा, पहिला ओढा लांब कसा द्यायचा, घंटा परत येताना दोराला विरोध न करता हात वर कसा जाऊ द्यायचा, हे त्यांनी तीन दिवस दाखवलं. बसवाल्यांना ते काही साधेना. ते दोर असा ओढत की जणू ब्रेक लागत नाहीये. "अहो, हळू. ती कुठं पळून जात नाहीये," काका म्हणायचे, आणि दुःखातही त्यांना थोडं हसू यायचं.

शुक्रवारी वेदीची तयारी दाखवायची होती. फुलं बदलणाऱ्या बायकांनी त्या दिवशी पितळी फुलदाणी एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकवली होती. काका अकरा पावलं मोजत आले, तीन पायऱ्या चढले, वळले आणि सरळ फुलदाणीवर गेले. पाणी सांडलं, फुलं पसरली. काका गुडघ्यांवर बसून ती चाचपडत गोळा करू लागले. दोन फुलं अगदी समोर पडली होती, त्यांच्याकडे त्यांचा हात जाईना. बसवाले उभे राहून बघत होते. मग तेही खाली बसले आणि ती दोन फुलं उचलून त्यांनी काकांच्या हातात दिली.

"आमच्यात दरवर्षी डोळे तपासायचे," बसवाले म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "मला तीन वर्षं आधीच घरी बसवलं. मी कुणाला सांगत नाही. विचारलं की सांगतो, कंटाळलो होतो म्हणून सोडलं."

"मग तुम्हाला ठाऊक आहे," काका म्हणाले.

"ठाऊक आहे की."

बसवाल्यांना वाटलं, काका म्हणतायत ते नुसतं डोळ्यांचं दुःख. काकांना वाटलं, बसवाल्यांना पत्रातलं सगळं ठाऊक आहे. दोघांनी मिळून फरशी पुसली.

रविवारी पहाटे काका सवयीनं जागे झाले आणि कॉटच्या कडेवर बसून राहिले. घंटा सुरू झाली. एक टोल मोठा, दोन चिरके, मग जरा वेळ काहीच नाही, मग एकदम भराभर सात. समोरच्या घरातला माणूस कुठं आग लागली म्हणून खिडकीत आला. काकांनी दोन्ही हातांत डोकं धरलं.

"तुम्ही इथं, मग तिकडं कोण आहे?" काकूंनी उशीवरूनच विचारलं.

"बसवाले शिकतायत," काका म्हणाले आणि कोट चढवून बाहेर पडले.

रविवार सकाळ म्हणजे काय असते ते त्यांना माहीतच नव्हतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे. ते पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, परत आले, बसथांब्यावर बसले. येणारे जाणारे विचारायचे, "काय काका, आज इकडं कुठं?" आणि काका म्हणायचे, "सहज." दहाच्या मिस्सेला बाजूच्या दारातून गाण्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. तो ऐकायला ते उभे राहिले आणि संपेपर्यंत तिथंच उभे होते. मग त्यांनी ठरवलं, की काढून टाकलेल्या माणसानं चोरासारखं तोंड लपवून जायचं नाही. समोर जाऊन, सांगून जायचं.

दुपारी मंडळ जमलं, फादरही होते. खुर्च्या बसवाल्यांनी मांडल्या होत्या, बसमध्ये असतात तशा दोन दोनच्या जोड्यांत, मध्ये जायला वाट. काका आत आले. हातानं खुर्चीची पाठ शोधली आणि बसले. त्या हॉलमधल्या खुर्चीवर त्यांना बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सगळे हसून टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"मी काही भांडायला आलो नाही," काका म्हणाले. "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. चूक माझीच आहे. दोन वर्षं झाली, मला दिसत नाही, आणि मी ते तुमच्यापासून लपवून ठेवलं. पेटत्या मेणबत्त्या हातात घेऊन तुमच्यामधून फिरलो, हे मी करायला नको होतं. किल्ल्या मोजून घ्या. खोल्यांसाठी तेवढी थोडी मुदत द्या. हिला अजून काही सांगितलेलं नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही पत्र वाचलं नाहीत?"

"कसं वाचणार, बाई? तेच तर सांगतोय."

त्यांनी खिशातून घडी काढून पुढं केली. बाईंनी ती उघडली आणि वाचायला लागल्या. ज्या आवाजाला चार वर्गांपलीकडची मुलं घाबरायची तो आवाज आता नीट फुटेना. "आपल्या चर्चचे सेवक टोलेकाका ह्यांस. ह्या रविवारपासून आपणांस दर रविवारी पूर्ण विश्रांती देण्यात येत आहे. वेतनात कोणतीही घट होणार नाही. आम्ही सगळे विसावा घेत असताना आमचे एक भाऊ राबत असतात, हे आमच्या लक्षात यायला एकतीस वर्षं लागली. त्याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो."

काका ऐकत होते. शेवटचा शब्द संपला तरी ते ऐकतच होते. म्हणजे काम गेलं नव्हतं. एक बसवाले सोडले तर कुणाला काही कळलंही नव्हतं. जे दोन वर्षं जिवापाड जपलं ते आत्ता, ह्या खुर्चीवर बसून, आपल्याच तोंडानं ते सांगून बसले होते. आणि बोललेलं काही परत घेता येत नाही.

"पण मग हे गंभीर आहे," बँकेतले साहेब सावकाश म्हणाले. माणूस वाईट नव्हता, कुणीतरी बोलायलाच हवं होतं ते तो बोलला. "सकाळी आत तीनशे माणसं असतात. एखादी मेणबत्ती कलंडली असती तर?"

"खरं आहे," काका म्हणाले.

"आपण एक समिती नेमू या," बाईंनी सुरुवात केली. "डॉक्टरांचा अहवाल मागवू, मग काकांसाठी काय करता येईल ते..."

"बाई, थांबा," फादर म्हणाले. ते एरवी बाईंना अडवत नसत, तेही त्यांचे विद्यार्थीच होते. "मागच्या वेळीही आपण ह्यांच्यासाठी ठरवलं आणि ह्यांना विचारलं नाही. त्याचं काय झालं ते समोर आहे." ते उठून काकांसमोरच्या खुर्चीवर येऊन बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. "काका, काम तुमचं आहे. तुम्ही सांगा, कसं करायचं?"

असा प्रश्न त्यांना आजवर कुणी केलाच नव्हता. हे करा, ते आणा, अमुक कुठं ठेवलंय, असले प्रश्न त्यांनी हजारदा ऐकले होते. ते नुसते हातावर हात चोळत बसले.

"बोला की," दारातून आवाज आला. काकू उभ्या होत्या. सकाळपासून नवरा जेवायला आला नव्हता म्हणून शोधत आल्या होत्या, आणि कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. "त्यांनी विचारलंय तर सांगा. आणि माझी काळजी करू नका. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"डोळ्यांचं. दोन वर्षांत घरातली एक खुर्ची मी जागची हलवलेली नाही. मला वाटलं, सांगाल तेव्हा सांगाल."

काकांनी मान खाली घातली. ते रडत होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मग त्यांनी नाक पुसलं आणि बोलायला सुरुवात केली, एकेक गोष्ट सुटी सुटी.

"शिडी मला नको. विस्तव नको. ते बसवाल्यांनी करावं, हात चांगला आहे त्यांचा. कपाट, कापडं, सुरया मी करीन, ते हाताला कळतं. फुलदाणी हलवायची झाली तर आधी मला सांगत जा. आणि दोर माझा. रविवारीसुद्धा. आज सकाळी काय झालं ते ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं," बसवाले म्हणाले आणि सगळे हसले. त्यात सर्वांत मोठ्यानं तेच हसले.

"आणि खोल्या," काका म्हणाले, पण पुढचं त्यांना बोलवेना.

चर्चचा जमाखर्च बँकेतले साहेब बघायचे, फादरनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी होकार देत मान हलवली. "खोल्या तुमच्या दोघांच्या," फादर म्हणाले. "तुम्ही आहात तोवर आणि काकू आहेत तोवर. उद्याच लिहून देतो. आणि ह्या वेळी पत्र बाई तुम्हाला वाचून दाखवतील." बाईंनी टेबलावरचा जुडगा उचलला आणि काकांच्या हातात दिला.

"आणखी काही हवंय, काका?" फादरनी विचारलं.

"एक आहे," काका म्हणाले. "पण ते उगीच आहे."

"सांगा तर."

"ही दहाच्या मिस्सेला गाते. पाचव्या बाकावर बसते, एकटी. एकतीस वर्षं मी तिचा आवाज वेदीमागच्या दाराआडून ऐकतोय. तीनशे माणसांतून मला तो वेगळा काढता येतो. पण गाताना ती दिसते कशी, ते मी बघितलेलं नाही. घरी ती गात नाही, तिला लाज वाटते." ते थांबले. "अजून हातभर अंतरावरचं थोडं दिसतं मला. बाकावर शेजारी बसलो तर ती हातभरच लांब असेल. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. तेवढी सुट्टी द्या. दहाची मिस्सा."

काकू दारातून केव्हाच निघून गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी दहाच्या मिस्सेचे टोल काकांनी दिले, बिनचूक. दोर बांधून ते मनोऱ्यातून बाहेर आले आणि अडले. मनोऱ्यापासून वेदीपर्यंतची पावलं त्यांना पाठ होती. पाचव्या बाकाची कधी मोजलेलीच नव्हती. ते भिंतीला हात लावून उभे राहिले. तेवढ्यात काकू आल्या, त्यांच्या कोपराला हात घातला आणि बाकापर्यंत घेऊन गेल्या. बसवाल्यांनी मेणबत्त्या लावल्या होत्या. एक लावायची राहिली होती, पण ती काकांना दिसत नव्हती, आणि ज्यांना दिसत होती त्यांनी सांगितलं नाही.

पहिलं गीत सुरू झालं तसे सगळे उभे राहिले. काका वेदीकडे नुसता खांदा राहील इतके वळले आणि बायकोकडे बघू लागले. धूसर दिसत होतं, पण दिसत होतं. गाताना तिची हनुवटी वर जात होती. सुईत दोरा ओवताना होतात तशा भुवया उंच झाल्या होत्या. वरच्या सुराला ती डोळे मिटत होती आणि सूर लागला की उघडत होती. साठीच्या जवळ आलेली बाई ती, पण त्या घडीला तिचं वय कळत नव्हतं.

"अहो, समोर बघा," काकू गाणं मध्येच सोडून कुजबुजल्या. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनी एकतीस वर्षं बघितलंय."

"असे टक लावून बघत राहिलात तर मी गाऊ कशी?"

"गा गं," काका म्हणाले.

अर्धं कडवं पुढं निघून गेलं होतं. काकूंनी नवऱ्याच्या बाहीला धरलं आणि गाणं मधूनच उचललं.